तलावाच्या बांधावरून जिंजीकडे

चेन्नईहून सायकलने दक्षिणेला निघायचं तर दोन रस्ते सगळ्यांना ठाऊक असतात. एक समुद्राकाठचा ईसीआर, रविवारी पहाटे सायकलस्वारांनी भरलेला. दुसरा जीएसटी रोड, ट्रक आणि बसगाड्यांचा. दोन्ही डांबरी, दोन्ही वेगाचे, आणि दोन्हींवर सायकल चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष मागून येणाऱ्या गाडीकडे असतं. या दोन रस्त्यांच्या मधे आणि पलीकडे मात्र वाटांचं तिसरं जाळं पसरलेलं आहे. तलावांचे बांध, कालव्याचे काठ, मिठागरांमधल्या पायवाटा, डोंगरातल्या वनखात्याच्या कच्च्या सडका. पाच-सहा दिवस हाताशी असतील आणि सायकलचे टायर जरा रुंद असतील, तर चेन्नईचा समुद्रकिनारा आणि पूर्व घाटाचे डोंगर या जाळ्यानं एकमेकांना जोडता येतात.

अशा प्रवासाला अलीकडे दोन नावं मिळाली आहेत. मुरूम, माती, खडी यांवर चालणारी ती ग्रॅव्हल सायकल. झोपायचं, घालायचं आणि दुरुस्तीचं सगळं सामान सायकलच्याच सांगाड्याला बांधून मुक्काम करत पुढं जाणं, म्हणजे बाइकपॅकिंग. नावं नवी असली तरी कल्पना जुनी आहे. १८९७ साली अमेरिकी लष्कराच्या पंचविसाव्या पायदळ तुकडीतले कृष्णवर्णीय सैनिक मोंटानातल्या मिसुलापासून सेंट लुइसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलवर गेले. अंथरूण, तंबू, शिधा सगळं सायकलवरच होतं, आणि वाटेत रस्ता असा फारसा नव्हताच. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघांनी १९२८ पर्यंत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तेव्हा इराण आणि सिनाईच्या वाळवंटात त्यांच्यासाठी डांबर अंथरलेलं नव्हतं.

नव्यानं सांगण्यासारखं वेगळंच आहे. कच्ची वाट कुठं उरते, हा प्रश्न चेन्नईच्या परिसरात विचारला, की उत्तर बहुतेक वेळा पाण्यापाशी जाऊन थांबतं. पाणी साठवायचं होतं म्हणून बांध झाले, मीठ पिकवायचं होतं म्हणून वाफ्यांच्या कडा झाल्या, नावा ओढायच्या होत्या म्हणून कालव्याचे काठ झाले. इथला ग्रॅव्हल सायकलस्वार बराचसा पाण्यासाठी बांधलेल्या वाटांवरून फिरत असतो. हे एकदा लक्षात आलं, की मार्ग आखणं, ऋतू निवडणं आणि गावातून जाताना कसं वागायचं हे ठरवणं, तिन्ही सोपी होतात.

रुंद टायरचं गणित

आधी सायकलकडे पाहू. शर्यतीच्या सायकलचा टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात ८० पीएसआयच्या आसपास हवा भरतात. ग्रॅव्हल सायकलचा टायर ३८ ते ५० मिलिमीटरचा असतो आणि हवा ३०-४० पीएसआय पुरते. कमी हवेचा टायर जड चालतो असं वाटतं. गुळगुळीत डांबरावर त्यात थोडं तथ्यही आहे. खडीवर मात्र हिशेब उलटतो. टणक टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो. पुढं जाण्यासाठी लावलेली ताकद अशा उसळण्यात आणि अंगाच्या हादऱ्यांत खर्च होते. मऊ टायर दगडाला स्वतःत सामावून घेतो, चाक जमिनीला धरून राहतं आणि ताकद पुढं जाण्याच्याच कामी येते. चढावर मागचं चाक घसरत नाही, वळणावर पुढचं निसटत नाही.

ही रुंदी आपल्याला परकी नाही. गावोगावी दूध, घागरी आणि गवताचे भारे वाहणाऱ्या काळ्या दांडीच्या सायकलला २८ बाय दीड इंचाचा टायर असतो, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर. लांब सांगाडा आणि मागं झुकलेला पुढचा चिमटा हेही खडबडीत रस्त्यासाठीच होतं. अशा सायकली लाखोंनी बनवणारा कारखाना चेन्नईतच उभा राहिला. टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ साली स्थापन झाली आणि अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस आणि बीएसए सायकली देशभर गेल्या. ग्रॅव्हल सायकलनं त्या जुन्या सायकलमध्ये तीन गोष्टींची भर घातली: हलका सांगाडा, चिखलातही लागणारे डिस्क ब्रेक आणि घाट चढवणारे खालचे गिअर. महागडी सायकल नसेल तर ४० मिलिमीटरचे टायर बसणारी साधी हायब्रिड सायकलही या प्रवासाला पुरते.

सामान बांधण्याची रीत मात्र खरोखर बदलली आहे. पूर्वी लोखंडी कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवत. खडीवर कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात, पिशव्या हलतात, आणि अरुंद बांधावर झुडपांत अडकतात. म्हणून आता सामान सायकलच्या मध्यरेषेवर घेतात. त्रिकोणी सांगाड्याच्या पोटात जड वस्तू, म्हणजे पाणी, हत्यारं, पंप. हँडलला गुंडाळलेलं अंथरूण, सीटमागच्या लांबट पिशवीत कपडे. जड वस्तू खाली आणि मधे राहिली की सायकल डगमगत नाही.

या भागात एक वस्तू विसरून चालत नाही: ट्यूबलेस टायरमध्ये घालायचं, भोक बुजवणारं द्रावण. एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी आणलेली वेडी बाभूळ तमिळनाडूच्या तलावांत आणि बांधांवर सर्वत्र माजली आहे. तमिळमध्ये तिला सीमै करुवेलम म्हणतात. तिचे काटे लांब आणि टणक असतात. द्रावण नसलेली ट्यूब अशा बांधावर दिवसाला दोन-तीनदा पंक्चर होऊ शकते.

एरीचा प्रदेश

शहरी लोकलनं चेंगलपट्टूला उतरलं की तलावांचा प्रदेश सुरू होतो. तमिळमध्ये अशा तलावाला एरी म्हणतात. तमिळनाडूत सुमारे ३९ हजार एरी आहेत. कांचीपुरम आणि चेंगलपट्टू या दोन जिल्ह्यांत सरकारी देखरेखीखालच्याच नऊशेहून अधिक आहेत. नकाशावर त्या निळ्या चंद्रकोरींसारख्या दिसतात, आणि त्याला कारण आहे. इथली जमीन पश्चिमेकडून समुद्राकडे अगदी मंद उतरते. उताराच्या बाजूला मातीचा कमानदार बांध घातला, की वरच्या बाजूनं आलेलं पाणी उथळ पसरून अडतं. बांधाला पाणी सोडायच्या मोऱ्या असतात आणि टोकाला दगडी सांडवा. एक एरी भरली की सांडव्याचं पाणी ओढ्यातून खालच्या एरीत जातं, तिथून तिच्या खालच्या. अशा दहा-वीस एरींच्या साखळ्या आहेत. सायकलस्वारासाठी याचा अर्थ असा, की एका बांधाच्या टोकाला पोचल्यावर पुढचा बांध शोधायचा तर सांडव्याच्या ओढ्यानं चालू लागावं.

बांधाचा माथा दोन-तीन मीटर रुंद असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, दोन्हीकडे ताडाची झाडं. बैल, ट्रॅक्टर आणि माणसांच्या वर्दळीनं माती घट्ट बसलेली असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशांवर हे बांध ठळक दाखवलेले आहेत. उपग्रहाच्या चित्रावर ते ताडून पाहिले, की दिवसाचा मोठा भाग डांबर टाळून जाता येतो.

या प्रदेशाचं राजकारणही बांधाभोवती घडलं आहे. चेंगलपट्टूच्या नैर्ऋत्येला उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, म्हणजे इसवी सन ९२० च्या सुमाराचे कोरीव लेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची, कोण अपात्र, चिठ्ठ्या मडक्यात टाकून कशा काढायच्या, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्या समित्यांपैकी एक होती एरी-वारियम, तलावाची देखरेख करणारी. हजार वर्षांपूर्वी बांधाचा कारभार पाहणारा माणूस चिठ्ठी टाकून निवडला जात होता, आणि हिशेब न देणारा पुढच्या निवडीला अपात्र ठरत होता.

जवळच मदुरांतकम आहे. तिथल्या मोठ्या तलावाकाठच्या राममंदिराचं नाव ‘एरी कात्त रामर’, म्हणजे तलाव राखणारा राम. अठराव्या शतकाच्या अखेरीस अतिवृष्टीत बांध फुटायला आला असताना, रात्री राम आणि लक्ष्मण धनुष्य घेऊन त्यावर पहारा देताना इंग्रज कलेक्टरला दिसले, अशी आख्यायिका आहे. मराठी मुलखात विठ्ठल भक्तासाठी विटेवर उभा आहे. इथं राम बांधावर उभा आहे.

वेदंथांगलचा तलावही याच टापूत. हिवाळ्यात तिथं हजारो बगळे, चित्रबलाक आणि चमचे पाण्यातल्या झाडांवर वीण घालतात. पक्ष्यांच्या विष्ठेनं समृद्ध झालेलं पाणी शेताला खतासारखं उपयोगी पडतं, हे गावकऱ्यांनी फार आधी ओळखलं होतं. गोऱ्या शिकाऱ्यांविरुद्ध त्यांनी केलेल्या तक्रारीवरून १७९८ साली कलेक्टर लायोनेल प्लेस यांनी पक्ष्यांना संरक्षण दिलं. सायकलस्वारानं इथं घंटीही वाजवू नये, इतकी शांतता गाव स्वतः पाळतं.

मिठागरं आणि खाडी

मदुरांतकमहून पूर्वेला वळलं की माती वाळूकडे झुकते, काजूच्या बागा आणि सुरूची बनं लागतात. कडपाक्कमजवळ खाडीच्या तोंडाशी आलंपरै किल्ल्याचे विटांचे पडके बुरूज आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यात तो फ्रेंचांकडे होता. १७६० मध्ये इंग्रजांनी तो घेऊन उद्ध्वस्त केला. पुढं मरक्काणम. आंध्रातल्या काकिनाड्यापासून किनाऱ्याला समांतर येणारा बकिंगहॅम कालवा इथं संपतो. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात मजुरांना काम देण्यासाठी त्याचा चेन्नई शहरातला दुवा खणला गेला, आणि तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव सगळ्या कालव्याला मिळालं. एकेकाळी यातून मीठ आणि सरपण नावांनी शहरात जात असे.

मरक्काणमची मिठागरं पाऊस संपल्यावर, जानेवारीपासून जागी होतात. चिकणमातीच्या वाफ्यांमधल्या अरुंद कडांवरून माणसं डोक्यावर मीठ घेऊन चालत असतात. त्या कडा त्यांनी पायांनी मळून केलेल्या असतात आणि टायरनं सहज ढासळतात. रुंद वाटेवरून जावं, वाफ्याच्या कडेवर सायकल कधीच घालू नये. लगतचं कळुवेली सरोवर हे पुलिकतनंतर दक्षिण भारतातलं सर्वांत मोठं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर मानलं जातं. २०२१ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं. इथली माती काळी आणि चिकट आहे. पावसानंतर दोन दिवस तरी तिथं जाऊ नये; चाक आणि चिमट्याच्या मधे माती भरून सायकल जागीच थांबते. खाऱ्या हवेनं चेन गंजते, म्हणून रात्री मुक्कामी गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून तेल द्यावं.

दगडाचा देश

तिंडिवनम ओलांडून पश्चिमेला गेलं की क्षितिजावर टेकड्या उगवतात, आणि सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना त्या चमत्कारिक वाटतात. आपला डोंगर सलग भिंतीसारखा; तिला खिंड शोधून घाट काढावा लागतो. इथले डोंगर सुटे सुटे उभे आहेत. त्यांच्या मधून सपाट वाटा जातात, आणि चढायचं की वळसा घालायचा हे सायकलस्वार ठरवतो. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इकडचे ग्रॅनाइट आणि चार्नोकाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे. कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या कबरीवरचा दगड चेन्नईच्या भागातला. त्याचा अभ्यास करताना भूवैज्ञानिक टी. एच. हॉलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खडकाला चार्नोकाइट नाव दिलं. चेन्नई विमानतळाजवळचा सेंट थॉमस माउंट त्याच खडकाचा आहे.

खडकाचा फरक चाकाखाली कळतो. बेसाल्ट झिजून काळी माती होते, पावसात ती टायरला लोंबते. ग्रॅनाइट झिजून गारगोटीचे कण उरतात, ते कुजत नाहीत. म्हणून इथल्या आतल्या वाटा रेताड असतात, पाणी झिरपून लवकर कोरड्या होतात. उतारांवर मात्र हीच रेती साचते. तिच्यात पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी झालीच म्हणून समजा. वजन मागं घ्यावं, हँडल सैल धरावं आणि चाकाला वाट शोधू द्यावी.

या प्रदेशातल्या मुरमानं भारताचा इतिहासही मागं नेला आहे. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना पल्लावरमच्या मुरमाच्या खड्ड्यात माणसानं घडवलेलं दगडी हत्यार सापडलं. भारतात पुराश्मयुग होतं याचा तो पहिला पुरावा. त्याच वर्षी त्यांना चेन्नईच्या वायव्येला अत्तिरमपाक्कमची जागा सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या शांती पप्पू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं उत्खनन केलं, आणि तिथल्या हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं निघालं.

जिंजी आणि जवादी

मग जिंजी येते. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या तटानं जोडून केलेला हा किल्ला मराठी माणसाला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि मजबूत केला. १६८९ मध्ये रायगड पडायच्या बेतात असताना राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेल्लोरमार्गे इथं पोचले, आणि पुढं आठ वर्षं मोगलांनी घातलेल्या वेढ्यात मराठ्यांची राजधानी इथं टिकली. किल्ला १६९८ मध्ये पडला, पण त्याआधी महाराज निसटले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच.

सायकलनं पोचल्यावर जिंजी पुस्तकातल्यापेक्षा जास्त कळते. दिवसभर आपण एरीच्या बांधांवरून आलेलो असतो, आणि किल्ल्याच्या पायथ्याशीही तलाव आणि कुंडं दिसतात. आठ वर्षांचा वेढा सोसायला तटाइतकीच पाण्याची सोय लागते, हे घशाला कोरड पडलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

जिंजीहून तिरुवन्नामलै सुमारे चाळीस किलोमीटर. अरुणाचल डोंगराभोवतीचा चौदा किलोमीटरचा गिरिवलम मार्ग म्हणजे प्रदक्षिणेची वाट. पौर्णिमेला तिथं लाखोंची गर्दी होते, ती तिथी टाळावी. पुढं पोळूरवरून जवादी डोंगर चढू लागतो. पायथ्यापासून जमुनामरत्तूरपर्यंत पाच-सहाशे मीटर चढ आहे, वळणावळणांचा पण बेताचा. वर मलयाळी आदिवासींची गावं, फणस, आणि सामै नावाचं आपल्या वरईच्या जातीचं धान्य. आणखी पुढं कावलूरची वेणू बाप्पू वेधशाळा आहे. २.३४ मीटर आरशाची तिथली दुर्बीण १९८६ मध्ये कार्यान्वित झाली. शहराच्या उजेडापासून दूर म्हणून वेधशाळेनं जी जागा निवडली, ती रात्रीच्या मुक्कामाला चांगली असणारच. आलंगायमवरून वाणियंबाडीला उतरलं, की चेन्नईची गाडी मिळते. चेंगलपट्टूपासून इथवर सुमारे साडेतीनशे ते चारशे किलोमीटर होतात. पाच-सहा दिवस हाताशी ठेवावेत.

ऋतू, वारा, पाणी, परवानगी

महाराष्ट्रातला सायकलस्वार नोव्हेंबर हा उत्तम महिना मानतो. चेन्नईत तो सर्वांत वाईट. इथला अर्ध्याहून अधिक पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंजल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं, तेव्हा तिंडिवनमजवळच्या मैलममध्ये एका दिवसात ५० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी तिरुवन्नामलैत दरड कोसळून सात जण गेले. जानेवारी आणि फेब्रुवारी हे खरे महिने: तलाव भरलेले, भात हिरवं, हवा त्यातल्या त्यात थंड. तेव्हाही वारा ईशान्येकडूनच असतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो. वर दिलेली दिशा त्यासाठीच आहे.

किनाऱ्यावर घाम वाळत नाही. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम अंगावरच ओघळतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून पहाटे पाचला निघून अकराला थांबणं आणि चारनंतर पुन्हा निघणं हेच शहाणपणाचं. नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ कमी पडतं. त्याचा उतारा प्रत्येक नाक्यावर आहे: कम्बंकूळ, म्हणजे बाजरीची आंबील, ताक आणि मीठ घालून, सोबत तोंडी लावायला कांदा आणि तळलेल्या मिरच्या. शहाळं आहे, उन्हाळ्याच्या तोंडावर ताडगोळे आहेत. कारखान्यातल्या पुड्यांपेक्षा हे सगळं स्वस्त आणि पोटाला ओळखीचं.

तंबू कुठंही ठोकता येईल असं समजू नये. मार्च २०१८ मध्ये तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या वणव्यात ट्रेकर होरपळून गेले, तेव्हापासून तमिळनाडूच्या वनखात्याचे नियम कडक आहेत. जवादीतल्या राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरू नये. मुक्काम गावातल्या लॉजवर, मंदिराच्या निवासात किंवा विचारून कुणाच्या अंगणात करावा. ‘अण्णा, इंगे तंगलामा?’, म्हणजे ‘दादा, इथं थांबता येईल का?’, एवढं तमिळ यायला हवं.

बांध कुणाचा?

चेन्नई शहरही कधीकाळी असंच होतं. आजचं गजबजलेलं टी. नगर १९२० च्या दशकात मैलापूरचा लांबच लांब तलाव बुजवून वसवलं गेलं. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आजही आहे, तलाव नाही. पळ्ळिकरणैची दलदल शहरानं खात खात मूळच्या छोट्याशा अंशावर आणली. उरलेल्या तुकड्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तलाव बुजला की बांध जातो आणि बांधाबरोबर वाट जाते. म्हणून कच्च्या वाटांवर प्रेम करणाऱ्यांचा तलावांच्या भवितव्याशी थेट संबंध आहे. बांधावरून नियमित जाणारा माणूस सांडवा कुठं बुजला, भराव कुठं पडला, बाभूळ कुठं माजली हे आधी पाहतो. ते गावाला आणि पाटबंधारे खात्याला कळवणं ही त्या वाटेची किंमत आहे, आणि ती दिलीच पाहिजे.

मराठी मुलखातही हे सगळं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं बांधलेले, याच धर्तीवर बांधांनी जोडलेले आहेत. कोकणात खारजमिनीचे बांध आहेत, गोव्यात खाजणांचे बांध आणि त्यांच्या मानशी, म्हणजे पाण्याची दारं, आहेत. नवेगावबांधच्या परिसरात किंवा मांडवीच्या बेटांवर चाळीस मिलिमीटरचे टायर तितकेच चालतात. पुढच्या सुट्टीत डांबरी घाटांचे आकडे मोजण्याऐवजी आपल्या जिल्ह्याचा जुना नकाशा उघडावा, त्यावर पाण्याच्या कडेनं जाणाऱ्या रेघा शोधाव्यात आणि त्यांवरून चार दिवस जाऊन यावं. आपल्या जिल्ह्यात पाणी कसं फिरतं आणि ते कोण राखतं, हे त्या चार दिवसांत जितकं कळेल तितकं गाडीच्या खिडकीतून आयुष्यभर कळत नाही.